वाचकांचे प्रश्न : झोपाळ्यावरच्या मुलीची वेणी

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत: वेबसाठी चित्रं काढणं, ती हलवणं आणि बोट लावल्यावर त्यांनी प्रतिसाद देणं. बार्शीच्या पत्राचं उत्तर बरंच लांबलं आहे. त्यात एका घराच्या कर्जाचा प्रश्न आहे, म्हणून ते आखडतं घेतलं नाही.

प्रश्न : मी बार्शीचा. यंदा बारावी झालो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड आहे. वेबसाइटवरची हलणारी चित्रं, बोटानं ओढता येणारे नकाशे, असं काम शिकायचं आहे. एक क्लास बारा महिन्यांत चौदा सॉफ्टवेअर शिकवू म्हणतो, फी ८५ हजार. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. काय करू?

अरे, आज जेवताना बाबांना सांग, कर्जाचे कागद सहा महिने कपाटातच राहू द्या. तुझ्यापाशी जे आहे त्यावर सहा महिन्यांचा अभ्यास नीट होतो. त्यानंतर क्लासला जायचं की नाही, हे तुझं तुलाच कळेल.

चौदा सॉफ्टवेअर वाचलं आणि मला माझा १९९९ सालचा क्लास आठवला. कमर्शियल आर्टचं शिक्षण झालं होतं, आईनं पाटली मोडून फी भरली. तिथे मेनू शिकवायचे. फाइलमध्ये काय, एडिटमध्ये काय, सगळं वहीत उतरवून घ्यायचं. फ्लॅशमध्ये, म्हणजे तेव्हाच्या हलत्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, एफ-६ दाबलं की की-फ्रेम (हालचालीतला एक ठरावीक टप्पा) येते, हे पहिल्याच दिवशी कळलं. ती कुठे घालायची, दोन की-फ्रेममध्ये किती जागा सोडायची, याबद्दल वर्षभरात कुणी एक शब्द काढला नाही. आईच्या पाटलीची आठवण अजून टोचते, म्हणून तुझ्या बाबांच्या कर्जाबद्दल इतकं कळकळीनं लिहिते आहे.

पुढची दहा-अकरा वर्षं माझं घर फ्लॅशवर चाललं. जाहिरातींच्या पट्ट्या, मुलांचे खेळ, दिवाळीची हलती भेटकार्डं. २०१० च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅश का घेत नाही ते सांगितलं, आणि माझी कामं वर्षा-दोन वर्षांत आटली. ३१ डिसेंबर २०२० ला त्याच्या मालक कंपनीनं, अडोबीनं, फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला, १२ जानेवारी २०२१ पासून तर तो प्लेअर फाइल चालवायलाच नकार देऊ लागला. रफल नावाच्या एका मुक्त प्रणालीमुळे त्यातली काही जुनी कामं आज पुन्हा बघता येतात, याचा मला फार आनंद आहे. पण तुला सांगायचं ते वेगळंच. चेंडू टेकताना किती चपटा करायचा, पान झाडावरून गळताना कुठे रेंगाळतं, हे मी त्या वर्षांत कागदावर काढून काढून शिकले होते. नवं तंत्र शिकायला बसले तेव्हा ते सगळं माझ्या हातात तसंच होतं. मेनूंची वही मात्र मी रद्दीत दिली.

आता तुझ्या लॅपटॉपवर काय करायचं ते सांगते. तीन गोष्टी उतरवून घे, तिन्ही फुकट: चित्रांसाठी इंकस्केप, लिहिण्यासाठी व्हीएस कोड आणि बघण्यासाठी फायरफॉक्स. त्या ४ जीबीवर एकावेळी दोनच उघडी ठेव, चालतील.

पहिला महिना एसव्हीजी, म्हणजे वेबवरच्या चित्रांचा एक प्रकार. हे २००१ पासूनचं प्रमाण आहे आणि यातलं चित्र म्हणजे निव्वळ मजकूर असतो. वर्तुळाचा मध्य इथे, त्रिज्या इतकी, रंग हा, असं लिहिलं की वर्तुळ उमटतं. इंकस्केपमध्ये काढलेलं चित्र व्हीएस कोडमध्ये उघड आणि त्यातले आकडे हातानं बदलून बघ. चित्र आणि मजकूर ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत, हे एकदा डोळ्यांना पटलं की कोडची भीती जाते. माझ्याकडे माडीवर शनिवारी सहा-सात मुलं येतात, त्यांच्याकडून मी पहिले दोन शनिवार एवढंच करून घेते.

दुसरा महिना एक झोपाळा. एकच.

वाईला आजोळच्या माजघरात आमचा झोपाळा होता, पितळी कड्यांचा. कड्या साधारण दीड मीटर असतील. दीड मीटरचा झोपाळा जाऊन परत यायला जवळपास अडीच सेकंद घेतो, त्यावर एक मूल बसो नाहीतर दोन. झाडाला बांधलेला सहा मीटर दोराचा झोका घेतो जवळपास पाच सेकंद. कडीची लांबी ठरली की वेळ ठरली. म्हणून चित्रातला ठेंगणा झोपाळा पाच सेकंदांचा केलास, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे कळेल.

आधी खरा झोपाळा शोध. बाजूला उभा राहून फोनवर त्याचा व्हिडिओ घे. मग लॅपटॉपच्या पडद्यावर ट्रेसिंग पेपर हलकेच चिकटव आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत प्रत्येक वेळी पाट कुठे आहे तिथे पेन्सिलनं टिंब दे. दाबू नकोस, पडदा दुखावतो. पन्नास-साठ टिंबं झाली की कागद काढून बघ. दोन्ही टोकांना टिंबांची दाटी असते आणि मध्ये ती विरळ असतात. टोकाला झोपाळा क्षणभर थबकतो, मध्यावर सगळ्यात जोरात असतो. हा कागद जपून ठेव. ॲनिमेशनमध्ये ज्याला ईझिंग म्हणतात, ते पुढे कुठल्याही भाषेत आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये भेटलं तरी याच कागदावरचं असेल.

आता हा झोपाळा एसव्हीजीत काढ. पाट म्हणजे एक आयत, कड्या म्हणजे दोन रेघा, मुलीचं डोकं म्हणजे वर्तुळ, फ्रॉक म्हणजे एक थेंब. सगळ्यांचा एक गट कर आणि सीएसएस या पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतल्या की-फ्रेम्सनी त्याला उणे १८ अंशांपासून १८ अंशांपर्यंत फिरव. कालावधी सव्वा सेकंद, कारण ही एका बाजूची खेप आहे. परतीची खेप अल्टरनेट हा शब्द सांभाळतो. गती आधी लिनिअर, म्हणजे सगळीकडे सारखी, ठेवून बघ. एसटीच्या वायपरसारखं दिसेल. मग ईझ-इन-आउट, म्हणजे टोकांना मंद आणि मध्ये जलद, कर आणि ट्रेसिंग पेपर शेजारी धर.

इथे तुझा झोपाळा चित्रातून उडून जाईल, घाबरू नकोस. एसव्हीजीतला गट फिरवताना फिरण्याचा बिंदू आपोआप सगळ्या चित्राचा वरचा डावा कोपरा धरला जातो. तुझा बिंदू हवा वर, तुळईला कडी अडकवली आहे तिथे. ट्रान्सफॉर्म-ओरिजिनमध्ये त्या जागेचे आकडे लिही. शनिवारच्या प्रत्येक मुलाचा झोपाळा इथे एकदा उडतो, आणि आकडे भरल्यावर तो जेव्हा गपकन जागेवर येऊन डोलू लागतो, तेव्हा त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग वेणी. मुलीच्या गटात वेणीचा वेगळा गट कर, तिचा बिंदू मानेपाशी. तिलाही तितक्याच कालावधीचा झोका दे, पण ०.१५ सेकंद उशिरानं. हा उशीर ०.०३ ठेवलास तर वेणी पाठीला शिवल्यासारखी दिसते. ०.५ केलास तर ती दुसऱ्याच कुणाची वाटते. या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक आकडा असा येतो की मुलगी अचानक जिवंत होते. तो माझ्याकडून घेऊ नकोस, तुझ्या मुलीचा तू शोध. डिस्नेच्या स्टुडिओतल्या चित्रकारांनी हालचालीची बारा तत्त्वं सांगितली आहेत, त्यातलं एक हेच: अंग थांबतं, त्याला जोडलेलं मागाहून थांबतं. पदर, शेपूट, बैलाच्या गळ्यातली घंटा, सगळ्यांना हे लागू आहे.

तिसऱ्या महिन्यापासून जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला प्रतिसाद द्यायला लावणारी भाषा, आणि तेही झोपाळ्यासाठीच. बोटानं पाट ओढला की तो मागे यावा, सोडला की झुलावा, हळूहळू झोका लहान होत थांबावा. बोट टेकलं, सरकलं, उचललं, या तीन घटना ऐकायला शिकलास की तुझ्या मनातला नकाशाही त्याच तीन घटनांवर उभा राहतो. नकाशावर टच-ॲक्शन, म्हणजे बोटानं पान सरकवण्याची ब्राउझरची सोय, बंद करायला विसरू नकोस, नाहीतर बोट नकाशा ओढेल आणि पान भलतीकडेच सरकेल. आणि बोट जाड असतं. ॲपल ४४ पॉइंटांची जागा सांगतं, गूगल ४८ डीपींची, दोन्ही पडद्यावरची मापं. तालुक्याच्या नावावर बोट ठेवायचं असेल तर तेवढी जागा त्याच्याभोवती मोकळी हवी.

सहा महिन्यांनी क्लास हवासा वाटलाच, तर तिथे जाऊन मागच्या वर्षीच्या मुलांची कामं तुझ्या स्वतःच्या फोनवर उघडून बघ. आणि एक तास मागे बसून ऐक. शिक्षक मुलाच्या कामाकडे बोट दाखवून बोलत असतील, तर फीचा विचार कर. मेनूकडे बोट दाखवून बोलत असतील, तर बार्शीची गाडी पकड.

प्रश्न : मी डॅलसला असते. इथल्या आमच्या मंडळाच्या आषाढी एकादशीच्या पानासाठी ‘विठ्ठल’ हा शब्द एकेक अक्षर उमटत यावा असं केलं. इंग्रजी नावांना छान चालणारा कोड मराठीत विचित्र दिसतो. मध्येच पाय मोडलेला ठ येतो, वेलांटी उडी मारते. फॉन्ट बदलून पाहिला, उपयोग नाही.

ताई, तुमचा फॉन्ट निर्दोष आहे. ‘विठ्ठल’ आपण तीन अक्षरांचा वाचतो: वि, ठ्ठ, ल. संगणकाच्या साठवणीत मात्र ते सहा तुकडे आहेत: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. तुमचा कोड एकेक तुकडा दाखवतो. म्हणून आधी नुसता व येतो, मग वेलांटी त्याच्या डावीकडे येऊन बसते आणि व उजवीकडे ढकलला जातो. पुढे ठ, मग पाय मोडलेला ठ्, आणि तेव्हा कुठे ठ्ठ जुळतो. प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात घातलात तर वेलांटी एकटी पडून तिच्या शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. आपल्या दैवताच्या नावाचं असं होताना बघवत नाही, तुमची तगमग मला कळते.

जावास्क्रिप्टमध्ये इंटल सेगमेंटर नावाची सोय आहे. ती मजकूर तुकड्यांऐवजी अक्षरांनी तोडते, वेलांटी व ला धरून ठेवते. जोडाक्षराच्या बाबतीत मात्र सावध राहा. देवनागरी जोडाक्षर एक अक्षर धरावं हा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या ब्राउझरवर ठ्ठ अजूनही दोन तुकड्यांत फुटतो, आणि मंडळातल्या आजी-आजोबांचे फोन जुने असणार. लांब मजकूर असेल तर शब्दाशब्दानं दाखवा, हे सगळ्यात सुरक्षित.

तुमचा तर एकच शब्द आहे. त्याला मी वेगळं सुचवते. पाटीवर आपण कसं लिहितो? आधी अक्षरं, शेवटी वर रेघ. पानावरही तसंच करा. जाड बोरूनं कागदावर ‘विठ्ठल’ लिहा, त्याचा फोटो इंकस्केपमध्ये खाली ठेवा आणि प्रत्येक अक्षराच्या मधोमध जाणारी एकच रेघ पेन हत्यारानं काढा. शिरोरेघ वेगळी ठेवा. मग स्ट्रोक-डॅशऑफसेट (रेघेचा किती भाग दिसावा ते ठरवणारा सीएसएसचा गुण) वापरून त्या रेघा हात जसा फिरला तशा क्रमानं उमटू द्या. शेवटच्या ल नंतर पाव सेकंद काहीच करू नका. मग डावीकडून उजवीकडे शिरोरेघ एका दमात. तो पाव सेकंद काढून टाकलात तर सगळं घाईचं वाटेल, ठेवून बघा.

चित्र झाल्यामुळे तो शब्द राहत नाही, पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. म्हणून एसव्हीजीत टायटल घालून ‘विठ्ठल’ असं लिहा. बाकी पानासाठी ‘एक टाइप’ या मुंबईच्या फॉन्टकारांच्या मंडळींनी केलेला, मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या, ओळींची उंची दीडपटीहून थोडी जास्त ठेवा म्हणजे उकार आणि रफार एकमेकांना भिडणार नाहीत. आणि लेटर-स्पेसिंगला, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराला, हात लावू नका. इंग्रजीत ते शोभतं, आपली शिरोरेघ त्यानं तुटते.

प्रश्न : मी देवरुखची, वय ४१. रांगोळी काढते, गावात माझ्या रांगोळीला मान आहे. मुलगी म्हणते, आई, याचं ॲनिमेशन कर. माझ्याकडे फक्त फोन आहे. जमेल का?

जमेल, आणि वहिनी, तुमच्याकडे जे आहे ते बार्शीच्या मुलाकडे नाही: कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा हे न बघता कळणारा हात.

दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट पडद्यावर आणण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं थोडं थोडं चित्रण केलं होतं. पडद्यावर ते रोप बघता बघता उगवलं आणि तेच दाखवून त्यांनी भांडवल उभं केलं. तुम्हीही तेच करायचं आहे, वाटाण्याऐवजी रांगोळी.

फोन वरून खाली बघेल असा पक्का बांधा. स्टूल उलटं टाकून त्याच्या दोन पायांवर फळी टाकली तरी चालते. स्टॉप मोशन स्टुडिओ हे ॲप घ्या, सेकंदाला १२ चित्रं ठेवा. एक चिमूट रांगोळी, हात बाजूला, एक फोटो. पाच सेकंदांच्या चित्रफितीला ६० फोटो लागतात, सकाळभराचं काम आहे. खिडकीजवळ बसू नका. ढग आला-गेला की प्रत्येक फोटोचा उजेड बदलतो आणि चित्रफीत लुकलुकते. खिडकी झाकून एकच दिवा लावा, आणि पडद्यावर बोट दाबून धरून उजेड व फोकस कुलूपबंद करा. पाय रांगोळीजवळ न्यायचा नाही हे तुम्हाला मी काय सांगणार.

तयार झालेलं व्हिडिओ म्हणूनच ठेवा, जिफ करू नका. जिफ १९८७ सालची आहे, तिच्यात एका चित्राला २५६च रंग मिळतात. तुमच्या गुलाबीतून जांभळ्यात जाणाऱ्या छटेचे पट्टे पडतील आणि फाइल उलट जड होईल.

ठिपक्यांच्या रांगोळीचं पुढचं पाऊल म्हणजे बघणाऱ्यानंच बोटानं ठिपके जोडणं. त्यासाठी पी-फाइव्ह-जेएस हे चित्रांसाठीचं जावास्क्रिप्टचं साधन आहे, त्याचा संपादक फोनच्या ब्राउझरमध्येही उघडतो. ‘सात ते सात’ ठिपके मांडणं म्हणजे ओळींची एक फेरी आणि तिच्या पोटात ठिपक्यांची दुसरी फेरी. मुलीला शेजारी बसवा. ती टंकेल, तुम्ही मोजा.

प्रश्न : नागपूरहून. मावशीच्या खानावळीसाठी पान केलं. माझ्या संगणकावर मेनूची पाटी गुळगुळीत सरकते, मावशीच्या फोनवर अडखळते.

तुझा कोड पाहिला. तू पाटीचं लेफ्ट आणि विड्थ (डावीकडचं अंतर आणि रुंदी) बदलतो आहेस. पंगतीत मधल्या माणसाचं पान हललं की पुढच्या प्रत्येकाला आपलं पान, पाट, तांब्या सरकवावा लागतो. तसं ब्राउझरला प्रत्येक वेळी सगळ्या पानाची मांडणी नव्यानं करावी लागते, तीही सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एकेका चित्राला १७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. ट्रान्सफॉर्म (सरकवणं-फिरवणं) आणि ओपॅसिटी (अपारदर्शकता) एवढीच दोन बदल. त्यात पंगत जागची हलत नाही.

दुसरं, थाळीचा फोटो तू कॅमेऱ्यातून आला तसा टाकला आहेस, ४००० बाय ३०००. फाइल ३ एमबीची दिसते, पण उघडल्यावर तो १ कोटी २० लाख बिंदूंचा होतो, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे मावशीच्या फोनच्या स्मृतीत ४८ एमबी. रुंदी ८०० कर, वेबपी या हलक्या फाइलप्रकारात साठव. आणि इथून पुढे प्रत्येक बदल आधी मावशीच्या फोनवर बघ. गिऱ्हाईकं तिच्यासारख्याच फोनवरून येणार आहेत.

प्रश्न : मी शिकत नाही, बघते. वय ६७, पुणे. हल्ली पानं वर करताना चित्रं मागून-पुढून धावतात आणि मला भोवळ येते. काही उपाय?

काकू, अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत ॲनिमेशन काढून टाकायची सोय आहे, आयफोनवर त्याच ठिकाणी रिड्यूस मोशन आहे. ते चालू करा. पण उपाय अर्धा तुमच्या हातात आहे आणि अर्धा वर ज्यांना उत्तरं दिली त्यांच्या. तुमच्या फोननं ‘हालचाल कमी’ असं सांगितलं तरी पान ते ऐकेल असं लिहावं लागतं. त्यासाठी सीएसएसमध्ये प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन आहे, चार ओळींचं काम. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांहून जास्त चालणाऱ्या हालचालीला थांबवायचं बटण हवं, आणि सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काहीही लखलखता कामा नये. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांना ते खरोखर धोक्याचं असतं.

तुमचं पत्र मी येत्या शनिवारी मुलांना वाचून दाखवणार आहे. सगळ्या झोपाळ्यांना त्या चार ओळी घालून घेऊ. तुमच्या फोनवर ती मुलगी पाटावर स्वस्थ बसलेली दिसेल, वेणी पाठीवर.